शंभर टक्के, दुपारी बारा वाजता

आम्ही चौघं सोलरची सर्व्हिस करणारे. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्हे आमच्या गळ्यात. चहाला एकत्र बसलो की कप यायच्या आत कुणीतरी सुरू करतं, "आज काय झालं माहितीये?" आणि शंभर किस्से ऐकले तरी रडगाणं एकच. बॅटरीत चार्ज किती उरलाय, हे कुणालाही बघायचं नसतं. बंद पडलं की मात्र आम्ही चोर!

*

चाळीसगावजवळचे एक आबा. इन्व्हर्टर बंद पडतो म्हणून त्यांची तिसरी तक्रार. गेलो, तर इन्व्हर्टरवर गोधडी आणि त्यावर उशी.

"आबा, हे काय?"

"ते रातभर बोंबलत राहस. माले झोप येत नही."

अहो, बॅटरी संपत आली म्हणूनच ते बोंबलत होतं! मी संतापून गोधडी ओढली. आबा शांतपणे म्हणाले, "धुयेल शे. खाले टाकू नको."

*

धुळ्याकडचे नाना त्याहून वरचढ. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, हे मी स्वतः त्यांच्या भिंतीवर खडूने लिहून आलो होतो. तरी त्यांनी बोअरचं पाणी ओतलं. नवी बॅटरी, पण पूर्ण चार्ज होऊनही तासाभरात मान टाकायला लागली.

"नाना, भिंतीवर काय लिहिलंय?"

"आमना बोरनं पानी गोड शे. बठ्ठं गाव पेस."

वर मला तांब्याभर आणून दिलं. रागारागात प्यालो. गोड होतं, हे कबूल करावं लागलं.

*

पण या म्हाताऱ्यांवर मी किती चिडू? खरा संताप आमच्या जळगावच्या ऑफिसातल्या साहेबांचा येतो. त्यांनी 'मॉनिटरिंग' सुरू केलं. प्रत्येक ठिकाणाहून रोज दुपारी बारा वाजता इन्व्हर्टरच्या स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकायचा. बाराच्या उन्हात पॅनल जोरात चार्ज करत असताना मेलेली बॅटरीसुद्धा शंभर टक्के दाखवते. हे मी साहेबांना कागदावर काढून समजावलं.

साहेब म्हणाले, "शंभर येतंय ना? मग तुला त्रास काय होतोय?"

*

त्रास अक्कांना होत होता. अक्का म्हणजे शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या आरोग्य केंद्रातल्या नर्स. त्यांच्या फ्रिजमध्ये पाड्यांवरच्या बाळांच्या लसी. वीज गेली की तो फ्रिज आमच्या बॅटरीवर चालतो आणि वीज तिथे सारखी जाते. लसी तापल्या तर फेकायच्या, आणि बाळाला घेऊन डोंगर उतरून आलेल्या बाईला परत पाठवायचं. म्हणून अक्का फोटो काढायच्या सकाळी सहाला, पॅनल सुरू व्हायच्या आधी. बत्तीस टक्के. मग अठ्ठावीस. मग एकोणीस. खाली रोज एकच ओळ: बॅटरी बदलून द्या.

साहेबांनी उत्तर दिलं, "फोटो ठरलेल्या वेळीच पाठवावा. रिपोर्ट खराब होतो."

अक्कांनी वेळ बदलली नाही. शेवटी साहेब मला घेऊन स्वतः गेले, अक्कांच्या वरिष्ठांकडे तक्रार करतो, अशी तंबी द्यायला. दुपारची वेळ होती. वीज सकाळपासून नव्हती. साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे बघा, शंभर. उगाच बोंब मारता तुम्ही."

अक्कांनी पॅनलचा स्विच खाली पाडला आणि चहा ठेवला. पाणी उकळायच्या आत स्क्रीनवर एकेचाळीस आलं. साखर घालेपर्यंत बावीस. साहेबांनी बशी उचलली तेव्हा इन्व्हर्टरने आरडाओरडा केला आणि फ्रिज गप्प झाला.

मला आत कुठेतरी गार वाटलं, खोटं कशाला बोलू?

अक्कांनी स्विच पुन्हा वर केला. लसींचा थंड डबा बर्फाच्या पिशव्यांसकट भरून त्या बाहेर आल्या.

"नवी बॅटरी येईपर्यंत लसी शिरपूरला ठेवते. गाडी तुमचीच आहे. मी पुढे बसते."

साहेब पुटपुटले, "डबा डिकीत ठेवा."

"डिकी तापते," अक्का म्हणाल्या. "मांडीवर घ्या."