लुव्सनदाशला हवा होता एक फेरा

आमच्या मंगोलियात कुस्ती जिंकणारा ध्वजाभोवती गरुडासारखे हात पसरून फेरा घेतो. गुडघा मोडल्यापासून नऊ वर्षं लुव्सनदाशला तो फेरा मिळाला नव्हता. यंदा नादामच्या जत्रेत त्याला फक्त एक कुस्ती जिंकायची होती.

"डॉक्टर नको म्हणालाय ना?" मी विचारलं.

"तो घोड्यांचा डॉक्टर. त्याला माणसातलं काय कळतंय?"

"मग गेलास कशाला त्याच्याकडे?"

"जवळ होता."

समोर आलेल्या बुटक्या चुलूनला त्याने बराच वेळ झुंजवलं. मग लुव्सनदाशचा तो मोडका गुडघाच आपणहून वाकला आणि जमिनीला टेकला. गुडघा टेकला की आमच्यात कुस्ती गेली.

हरलेल्याने जिंकणाऱ्याच्या हाताखालून जायचं असतं, पण आता गुडघा वाकेना.

"मघाशी बरा वाकला!" मी म्हटलं.

"या दादा, सावकाश," म्हणत चुलून हात उंचावून चवड्यांवर उभा राहिला. लुव्सनदाश कसाबसा पलीकडे गेला. लोक हसले, तोही हसला.

चुलून ध्वजाकडे निघाला.

"चल, घोडीचं दूध पिऊ," मी म्हटलं.

"थांब रे. त्याचा फेरा पुरा होऊ दे."

तो बघत राहिला. मांडीजवळ त्याची बोटं हळूहळू पसरत होती.