मधली एकच गादी

माझ्या मानेतली हाडं जन्मापासून एकमेकांना जोडलेली. कुणी हाक मारली की अख्खं अंग फिरवावं लागतं. माहेरी पोरी मला 'खांब' म्हणायच्या. लग्न होऊन तापीकाठी आले, तर सासूबाईंना हाच खांब आवडला. ओल्या मिरचीचं टोपलं माझ्याच डोक्यावर, श्रावणात कानबाईला नदीवर न्यायचं तर देवीचा पाटही माझ्याच डोक्यावर. "मन्ही सूननी मान दखा, जरा बी हालत नही!" त्या साऱ्या गल्लीला सांगायच्या. मीही फुगायचे. या मानेचं कौतुक तोवर कुणी केलंच नव्हतं.

यंदा मिरवणुकीत माझ्या बोटांतला जीवच गेला. पाट कलंडला, नणंदेनं वरच्या वर धरला. देवी कोपली, असं घरात ठरलं. उपासतापास झाले, हात काही सुधारले नाहीत. मग सुरत गाठली.

डॉक्टरांनी फोटो दाखवला. वरची हाडं एकसंध, खालचीही एकसंध, मध्ये हलणारी एकच गादी. सगळं ओझं तिनंच सोसलं होतं. आता ती झिजून मज्जारज्जूवर दाबत होती. तशीच ठेवली तर हात जातील, मग पाय. कृत्रिम गादी बसली, तर आहे तेवढी हालचाल राहील. नाही बसली, तर तिथंही हाडं जोडून टाकावी लागतील. "आत गेल्यावरच कळेल," ते म्हणाले.

आहे तेवढी म्हणजे किती? कमरेएवढ्या लेकीचं तोंड दिसण्याइतकी. लोकांच्या लेखी काहीच नाही, माझं तेवढंच होतं. मी सगळ्या देवांपुढे नाक घासलं, कानबाईपुढेही.

ऑपरेशनला नेताना सासूबाईंनी माझा हात धरला. "माय, मन्हं चुकनं." मला त्यांचा संताप आला आणि त्यांचा हात सोडवेना.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात डॉक्टर आले. माझ्या गळ्याला पट्टा होता. बोटं हलवायला सांगितली, हलली. सगळे हसले.

"गादी बसली का?" मी विचारलं.

"जागा फारच अरुंद होती, ताई. जोडावंच लागलं."

पलंगाच्या कडेशी, खाली कुठेतरी, लेक मला हाका मारत होती.

"अरे, तिला वर उचला ना कुणीतरी," मी छताकडे बघत ओरडले, "मला दिसत नाहीये ती."