चार घोड्यांचा सूर्य

सूर्याशी घरोबा असलेला माणूस उभ्या नाशकात एकच आहे, आणि तो म्हणजे आमच्या हिचे मामा. बरं, सूर्य तरी आपला, रोज डोक्यावर येणारा असावा? छे! त्याला काय, कुणीही नमस्कार करतो. मामांचा सूर्य रोमचा. सतराशे वर्षांपूर्वी तिकडच्या टांकसाळीत तांब्याच्या नाण्यावर उमटलेला, डोक्यावर किरणांचा मुकुट, एक हात वर करून उभा. असे तेरा सूर्य मामांच्या नाशिकरोडच्या घरात एका लाकडी पेटीत, निळ्या मखमलीच्या खणांत राहतात. चौदावा उभा नाही. तो चार घोड्यांच्या रथात बसलेला आहे, आणि तो मामांचा सगळ्यांत लाडका. माणसाची अख्खी नोकरी नोटांच्या छापखान्यात गेली, जन्मभर डोळ्यांसमोरून कोऱ्या करकरीत नोटा गेल्या, आणि वेड लागलं ते कशाचं, तर ज्यांना भाजीवाली कोथिंबिरीची काडी देणार नाही अशा नाण्यांचं!

मामांकडे नाणं बघायला जाणं म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत जाणं. आधी हात धुवायचे, मग ते कोरडे करायचे, नाणं फक्त कडेला धरायचं, आणि ते हातात असेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, कारण बोलताना थुंकी उडते. लग्नानंतर त्यांनी मला पहिल्यांदा घरी बोलावलं, तेव्हा "जावईबापू, हात धुऊन घ्या" म्हणाले. मी हात धुऊन ताटाची वाट बघत बसलो, तर समोर भिंग आलं. त्यात मी, सवयीचा गुलाम, नाणं हातात पडताच शर्टाला पुसलं. मामा असे ताडकन उठले, की मला वाटलं आता हे भाचीचं लग्न मोडतात. "जावई आहात म्हणून सोडतो," ते म्हणाले. "नाण्यावरचा तो काळपट हिरवा थर मळ नसतो. ते त्याचं वय असतं. ते पुसलं की नाणं मेलं!" हे वाक्य पुढे मी निदान शंभर वेळा ऐकलं असेल, त्यातलं निम्मं पोटात भूक असताना.

पेटी घरी राहिली तरी एखादा सूर्य डबीतून मामांच्या खिशात असायचाच. विंचूरला नात्यातल्या एका लग्नात ते पंगतीला नवरदेवाच्या काकांशेजारी बसले. झालं! जिलबी दोनदा येऊन गेली, मठ्ठा येऊन गेला, आणि काका आपले ओले हात पुसून रोमचा मुकुट निरखतायत. शेवटी त्या गरीब माणसाने हात जोडले, "मामा, निदान इथला सूर्य बुडायच्या आत मला जेवू द्या हो!" मामांना यात विनोद दिसलाच नाही. "जेवा की, मी कुठे धरलंय?" म्हणत त्यांनी डबी उजवीकडच्या पाहुण्याकडे वळवली.

मामी सायखेड्याच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. नाण्यांना हात लावायचा नाही हा नियम त्यांनी चाळीस वर्षं पाळला, पण तोंडाला काही नियम नव्हता. रथातला सूर्य बघून म्हणाल्या होत्या, "आपल्याला सात घोडे, आन् ह्याला चारच? लय ओढाताण होत आसंल बिचाऱ्याची."

पेटीत एक खण मात्र रिकामा होता. तो चंद्राचा. रोमचा चंद्र म्हणजे बाई. डोक्यावर चंद्रकोर आणि हातात दोन बैलांच्या रथाचा कासरा. ते चांदीचं नाणं मामा वीस वर्षं शोधत होते. त्याचा फोटो मामींना दाखवला, तर आधी पदर तोंडाला लावून हसल्या, "म्हंजे चांदोमामा नाय, चांदोमामी म्हणा की!" मग भिंग लावून बैल तपासले. "खांदे भरल्यात चांगले. पण मानेवर जू दिसत नाय. जू नसलेली गाडी सायखेड्यात हाकली तर पोरं हसतील." आणि जाता जाता म्हणाल्या, "पण आणा हो तिला. त्या पेटीत समदे बाप्येच कोंबून ठेवल्यात. एक तरी बाई येऊ द्या."

अखेर पुण्याचे एक नाणी जमवणारे गृहस्थ भेटले. त्यांच्याकडे ती बाई होती, पण बदल्यात त्यांना मामांचा रथातला सूर्यच हवा होता. मामा महिनाभर नीट जेवले नाहीत, मग हो म्हणाले. गृहस्थ यायचा दिवस नेमका रथसप्तमीचा निघाला. त्यांना स्टेशनवरून आणायची कामगिरी माझी.

आम्ही पोचलो तेव्हा गॅलरीत गोवरी धुमसत होती आणि तिच्यावर बोळक्यातलं दूध उतू जाण्याच्या बेतात होतं. मामांनी टेबलावर मखमल अंथरली होती, पण मखमलीवर सूर्य नव्हता. तेवढ्यात आतून मामी आल्या, तळहातावर सूर्य घेऊन. नव्या चमच्यासारखा लखलखीत!

"पाहुणे यायचे, आन् देव आसा काळाकुट्ट?" त्या कौतुकाने म्हणाल्या. "दाखवायच्या दिवशी पोरीला तोंड न धुता बसवतं का कुणी? चिंच लावून घासला चांगला. आज त्याचाच सण हाय."

पाहुण्यांचा चेहरा पडला. मी मामांकडे बघायचं धाडसच केलं नाही. गॅलरीत दूध उतू गेलं, तरी कुणी हललं नाही.

मामांनी हात पुढे केला. हात धुतलेले नव्हते. नाणं कडेला न धरता त्यांनी सरळ मुठीत घेतलं, उन्हात नेऊन बघितलं. "काय झळकतोय गं!" ते म्हणाले, आणि पाहुण्यांकडे वळले. "माफ करा साहेब. माझं मन फिरलं. घरचा देव आहे, देववत नाही."

मी पाहुण्यांना परत स्टेशनवर सोडलं. चंद्र त्यांच्या खिशातच राहिला. परत आलो, तर मामी विचारत होत्या, "मग ती बैलवाली?"

"जू नसलेली गाडी," मामा प्रसादाचं दूध पीत म्हणाले. "सायखेड्याची पोरं हसली असती."

मामी गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. शेवटच्या दुखण्यात एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी माझ्या हातून लय मोठी चूक झाली ना? त्या पाहुण्याचं तोंड बघूनच वळखलं मी. पण ह्यांनी इतकं झोकात खोटं बोललं, का म्हटलं, राहू दे. त्यांना सांगू नको हां. त्यांना वाटू दे, मला कळलं नाय." मी मान हलवली.

यंदाच्या रथसप्तमीला सकाळी मामांकडे गेलो. दार उघडंच होतं. मामा गॅलरीत पाटावर बसून वाटीत कोळलेल्या चिंचेने सूर्य घासत होते. ही तिसरी खेप असावी, कारण चारातले दोन घोडे पार पुसले गेले होते आणि मुकुटाचा नुसता डाग उरला होता. पेटी शेजारी उघडी होती. चंद्राचा खण रिकामाच.

"मामा, पुसलं की नाणं मरतं ना?" मी न राहवून विचारलं.

"मरतं," ते म्हणाले. घासायचे काही थांबले नाहीत. "पण आज तिला देव काळा चालायचा नाही, जावईबापू." मग बोटं दुखली असावीत, त्यांनी चिंचेची वाटी माझ्याकडे सरकवली.

मी उठलो, हात धुतले, नीट कोरडे केले आणि सूर्य हातात घेतला. मामींनी सांगितलेलं सगळं अगदी ओठांवर आलं होतं. पण बोललो नाही. नाणं हातात असताना बोलायचं नसतं.