डाव्या हाताची दोन बोटं

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजारात मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होते. फोन दौंडहून वहिनींचा होता. त्या म्हणाल्या, "ताई, ह्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला... आन् गेले वो." मला खरं वाटेना. अर्धा चहा ठेवून उठणाऱ्यांतला माझा भाऊ नव्हता. बशीत सांडलेलासुद्धा तो पिऊन टाकायचा. भाजीवाल्या मावशींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि जुडी मुकाट्यानं पिशवीत टाकली. पैसे दिले की नाही, हे आजही आठवत नाही.

माझा थोरला भाऊ शमुवेल साळवे दौंडला रेल्वेत पुलांचा इंजिनियर होता. आम्ही मूळचे शिरूरचे. वडील चर्चच्या शाळेत मास्तर होते आणि चर्चच्या आवारातच आमचं घर होतं. दादाची सगळी नोकरी नदीवरचे लोखंडी पूल तपासण्यात गेली. पुलाचे भाग जोडणाऱ्या जाड खिळ्याच्या, म्हणजे रिव्हेटच्या, एका डोक्याला डाव्या हाताची दोन बोटं लावायची आणि दुसऱ्या बाजूनं छोटी हातोडी मारायची. रिव्हेट सैल असेल तर बोटांना कळतं. त्याच्या या बोटांचा आम्हा घरच्यांना फार जाच झाला. नारळ, माठ, खाट, दरवाजा, काहीही वाजवून बघितल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. माझं लग्न ठरवायला गेला तेव्हा होणाऱ्या सासरी चहा येईपर्यंत त्यानं लाकडी कपाट ठोकून पाहिलं होतं. आमचे हे अजून सगळ्यांना सांगतात, "कपाट पास झालं म्हणून मी पास झालो."

राहायला दौंडच्या रेल्वे कॉलनीत असला तरी रविवारची उपासना त्याची शिरूरलाच. पहाटे आवरून, वहिनींना आणि लहानग्या लेकीला, एस्तेरला, स्कूटरवर घेऊन तो निघायचा. वरवंडला एक चहा, आणि उपासनेची घंटा व्हायच्या आत शिरूर. कॉलनीतले म्हणायचे, अहो, चर्च काय दौंडात नाही? त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, "हाय की. पण तिथल्या छपराला बघायला मान्सं हायत. आमच्या छपराला मी एकटाच हाय." यात थोडी फुशारकी होती, पण खोटं काही नव्हतं. पोरांना गणित शिकवण्यापासून म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेण्यापर्यंत तो शिरूरला सगळ्यांचा हक्काचा होता. आमच्या कौलारू चर्चवर मात्र त्याचा खास जीव. तिथं त्याचा बाप्तिस्मा झाला, तिथंच लग्न. एस्तेरचंही लग्न तिथंच होणार, हे ती संडेस्कूलला जायला लागल्यापासून घरात ठरलेलं होतं.

एस्तेरचं लग्न तोंडावर आलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. चर्चमध्ये माळा कुठं बांधायच्या ते बघायला दादा शिडीवर चढला, खाली मी शिडी धरून. काही बोलायला गेले की वरून ओरडायचा, "शिडी धर. गप्पा नंतर." छपराखालच्या लाकडी तुळया तो एकेक वाजवत गेला. पहिल्या दोन ठीक निघाल्या. तिसरीवर हातोडी पडली आणि तो थांबला. परत मारली. मलासुद्धा खालून ऐकू आलं, आतून पोकळ आवाज येत होता. तो खाली उतरला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि दाराला कुलूप लावलं.

मग जे झालं त्याला नुसता कालवा म्हणणं कमी आहे. मंडळीतले सगळ्यांत वयस्कर भालेरावमामा काठी आपटत आले. "शमुवेल, देवाच्या घराला टाळं लावतुस? आमच्या बापाच्या वक्तापासनं उभं हाय ते!"

"मामा, पूलबी पडायच्या आदल्या दिशी उभाच असतो," दादा म्हणाला.

पाळकसाहेबांनी विनवलं, वहिनींनी जेवण सोडलं. एस्तेर पुण्याहून रडत आली. "पप्पा, एका तासाचा प्रश्न आहे. एवढी वर्षं नाही पडलं ते त्याच तासाला पडणार आहे का?"

"न्हाई पडणार असं मला छातीवर हात ठेवून सांगता आलं असतं, तर मीच दार उघडलं असतं, बाळा."

रेल्वेत पुलाबद्दल शंका आली की इंजिनियर गाडी थांबवतो, मग आत कुणी का बसलेलं असेना. दादाला दुसरं काही येतच नव्हतं. एस्तेरचं लग्न चर्चच्या पटांगणात मांडव घालून झालं. फोटोत नवरा-नवरीच्या मागं ते पितळी कुलूप लख्ख दिसतं. लग्नात ती बापाच्या पाया पडली, पण त्याच्याकडे बघितलं नाही. पुढे फोन यायचे ते फक्त आईला. दादा शेजारच्या खुर्चीत पेपर धरून बसायचा आणि एकच पान वाचत राहायचा. कुलूप काढायला मात्र तयार झाला नाही.

चर्चला कुलूप होतं तोवर उपासना भरायची शेजारच्या बौद्ध विहाराच्या हॉलमध्ये. विहाराचे कांबळेआप्पा आपण होऊन चावी घेऊन आले होते. "इंजिनियरसाहेब, तुमची मंडळी उन्हात कशापायी? आमचा हॉल सकाळचा मोकळाच असतोय." त्या हॉलच्या गळक्या छतावर दादानं पुढं उभं राहून काम करून घेतलं, ते ह्या उपकाराला जागून.

उन्हाळ्यात कौलं उतरवली. आणि तिसरी तुळई निघाली धडधाकट! तिच्याभोवती फळ्या ठोकून वर रंग दिलेला होता. नाताळच्या चांदण्यांच्या वायरी लपवायला कुणीतरी केलेला तो खटाटोप होता. कुणीतरी म्हणजे आमच्याच वडिलांनी. दादा तेव्हा शिकायला बाहेर होता, त्याला पत्ता नव्हता. फळी आणि तुळई यांच्यामधली पोकळी वाजली होती. खाली जमलेले लोक आधी हसले, मग चिडले. पोरीचं लग्न उगाच उन्हात लावलं म्हणाले. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. पण तो शिडीवरून उतरला नाही. म्हणाला, "समद्या तुळयांची टोकं मोकळी करा. भिंतीत शिरतात तिथली."

गवंड्यानं प्लास्टर फोडलं. वेदीवरच्या तुळईपाशी, म्हणजे नवरा-नवरी जिथं उभी राहतात त्या जागेच्या बरोबर वर, दादानं भिंतीत हात घातला आणि सडक्या लाकडाचा मूठभर भुसा बाहेर काढला. हीच तुळई त्यानं वाजवून चांगली ठरवली होती. तो भुसा मुठीत घेऊन तो खाली उतरला. मग मला म्हणाला, "लोखंड समदीकडं सारखं बोलतं गं. लाकूड भिंतीत गेलं की गप बसतं. मी आयुष्यभर लोखंडच ऐकलं."

पुढच्या रविवारी विहाराच्या हॉलमध्ये पाळकसाहेब म्हणाले, देवानंच शमुवेलभाऊंच्या हातून कुलूप लावून घेतलं. लोकांनी माना डोलावल्या. दादा उठून उभा राहिला. "देवानं वाचवलं त्याचं स्तोत्र जरूर म्हणा. पण त्याच्या नावाखाली माझी चूक झाकू नका. चांगलीला मी नासकी म्हणलं आन् नासकीला चांगली. कुलूप लावलं ते बरोबर होतं, पण कारण चुकीचं होतं. दोन्ही ध्यानात ठेवा, न्हाईतर पुढच्याला कळायचं न्हाई." त्या दिवशी एस्तेर आईला भेटायला आली होती, मागं चटईवर बसली होती. उपासना सुटल्यावर ती बापाजवळ गेली. "कुठली तुळई, पप्पा? दाखवा." दोघं उघड्या छपराच्या चर्चमध्ये गेली. काय बोलली ते मी विचारलं नाही. परत आली तेव्हा दादाचा रुमाल तिच्या हातात होता, आणि मला फार बरं वाटलं.

दुरुस्ती पुढं बरीच रेंगाळली, पण दादानं ती तडीस नेली. प्रत्येक तुळईच्या टोकाशी भिंतीत त्यानं छोटी लाकडी दारं बसवून घेतली, आत बघता यावं म्हणून. दिसायला अगदी खुराडी. भालेरावमामा वर बघून विचारायचे, "शमुवेल, कबुतरं कवा आणतुस?" दर वर्षी नाताळच्या आधी तो ती दारं उघडायचा, आत बोटं घालून हातोडी मारायचा. सुरुवात नेहमी तिसऱ्या तुळईपासून. का, विचारलं तर म्हणायचा, "हिच्यावर मी आळ घेतला होता. आधी हिची विचारपूस."

त्याची शवपेटी ठेवली तीही त्याच छपराखाली. सगळे डोळे मिटून प्रार्थना करत होते आणि मी वर बघत होते... यंदा नाताळ येईल, तेव्हा शिडीवर कोण चढणार?

गेल्या रविवारी चर्चमध्ये मंडळीची बैठक झाली. कुणीतरी सुचवलं, आता बघणारं माणूसच राहिलं नाही, तर ती दारं बुजवून घेऊ आणि तिथं भाऊंच्या नावाची संगमरवरी पाटी लावू. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. एस्तेर बँकेतून रजा टाकून आली होती. ती उठली. "पाटी नको. दारं राहतील." एवढंच बोलली आणि पर्समधून हातोडी काढली. दांडा झिजून काळा पडलेला, दादाच्या हाताचा. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

शिडी कोपऱ्यातच होती. ती आणून एस्तेरनं पहिल्या तुळईपाशी नाही, सरळ तिसरीपाशी लावली. साडी खोचून वर गेली, छोटं दार उघडलं, डाव्या हाताची दोन बोटं आत सारली. मला राहवेना. खालून म्हणाले, "अगं, तुला कुणी शिकवलं हे?"

"आत्या," ती वरून ओरडली, "शिडी धर. गप्पा नंतर."

मी शिडी धरली.