न दिलेली पिशवी

तीन दिवस ऐप्पसी महिन्याचा पाऊस कोसळून थांबला होता आणि तंजावुरावर हवा ओल्या वेष्टी-धोतरासारखी लोंबत होती. असल्या दमट हवेत वरुणराव दगडांना टाकी लावायचं काम काढायचा. भुकटी उडत नाही, जागच्या जागी बसते. कीळवासल पेठेतलं त्याचं दुकान ग्राइंडर दुरुस्तीचं. इडलीचं पीठ वाटून वाटून आतला दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं त्याला पुन्हा खरबरीत करायचं. पण आधी ओला तळवा फिरवून बघायचा. दगडाला धार असेल तर छिन्नी हातात घ्यायची नाही, हा त्याच्या बापाचा नियम. गिऱ्हाईक कितीही भांडो. उगाच टाकी लावली तर आठ दिवस इडलीत कच लागते.

चव्वेचाळीस वर्षांच्या या माणसाला आणखी एक ओळख होती. गावातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप गटात कुणाला प्लेटलेट लागल्या की पहिला फोन त्याला यायचा. तासभर मशीनला हात बांधून पडायचं, रक्त आत जातं, फिरतं, परत येतं आणि वर टांगलेल्या पिशवीत तेवढ्या पिवळसर प्लेटलेट साठतात. बावीस पिशव्या त्यानं दिल्या होत्या. पुढं त्या कुणात जातात, जाऊन काय करतात, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं आणि हे कुतूहल त्याला दाताखालच्या कचेसारखं टोचायचं.

फोन आला तो पापनाशमच्या गुरुमूर्ती मास्तरांचा. मुलगी हरिता, एकोणीस वर्षांची, डेंगीनं इथल्या इस्पितळात पडलेली. प्लेटलेट सतरा हजारांवर आलेल्या.

"उपाशी जाऊं नका," बायको, भामा, ताटात सहावी इडली टाकत म्हणाली. "मागच्या खेपी नर्सनी मलाच रागे भरलं."

"सहा इडल्या खाल्ल्यावर मशीनमध्ये सांबारच येईल गे!"

पण खाल्ल्या आणि मोपेड काढली.

इस्पितळात त्याची बाही वर व्हायच्या आतच डॉक्टर लक्ष्मीप्रिया म्हणाल्या, "तुमची आज गरज नाही."

वरुणरावाला ते पानावरून उठवल्यासारखं लागलं. शेजारी मास्तर तर फोन हातात घेऊनच उसळले. "सतरा हजार, आणि गरज नाही मणता-आ? दुसऱ्या इस्पितळात विचारलंय मी. या, लगेच चढवतो, मटलं त्यांनी. ॲम्ब्युलन्स बोलावतोय."

"मास्तर, तिचा ताप कालच उतरलाय," डॉक्टर हळू म्हणाल्या. "या आजारात ताप उतरल्यावरचे एकदोन दिवसच नाजूक असतात. रक्तातलं पाणी शिरांबाहेर पाझरतं. मला भीती त्याची आहे, सतराची नाही. आज तिला रस्त्यावर हलवू नका."

मास्तर जिन्याकडे निघालेच होते. वरुणराव मात्र जागचा हलला नाही. विचारू का नको करत त्यानं विचारलंच, "डॉक्टरम्मा, पण चढवल्या तर बिघडतं काय? माझ्याकडं हाईत की भरपूर."

डॉक्टर त्याच्याकडं वळल्या. बहुधा देणाऱ्यानं कधी हे विचारलं नसावं.

"तुमच्या प्लेटलेट तिच्या अंगात गेल्या की आजार त्यांनाही संपवतो. आकडा थोडा वेळ वर दिसतो, पुन्हा खाली. वर पिशवीभर पाण्याचं ओझं. छातीत पाणी भरू शकतं. थंडी वाजते, पुरळ उठतं. रक्त वाहायला लागलं, हिरड्यांतून थांबेना, शौचाला काळं झालं, किंवा आकडा दहा हजारांच्या खाली गेला, की मी एक मिनिट वाया घालवणार नाही. तिला यातलं काही नाही."

वरुणरावाचा उजवा तळवा नकळत मांडीवर फिरला. दगडावर फिरतो तसा.

त्यानं जिन्यात मास्तरांना गाठलं. "मास्तर, पिशवी पळून जाईल मणून भिताय न? ही पिशवी इथंच बसते. तिनं सहा इडल्या खाल्ल्यात, संध्याकाळपर्यंत कुठं जात नाही. डॉक्टरम्मांनी बोट वर केलं की मी मशीनवर. मग ॲम्ब्युलन्स कशाला?"

मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलं. मग हातातल्या फोनकडं. "बसता-आ? खरंच?"

"बसतो की."

आणि बसला. नर्स काय काय बघते ते त्यानं दिवसभर टिपलं: नाडी, ब्लडप्रेशर, पोट दाबून दुखतं का, हिरड्या, मापाच्या भांड्यात लघवी किती. दर चार तासांनी रक्त किती दाट झालंय त्याची तपासणी. प्लेटलेटचं नावसुद्धा कमीच निघायचं.

चार वाजता रिपोर्ट आला. मास्तरांनी आकडा मोठ्यानं वाचला. चौदा हजार.

"उतरलं! मी मटलं नव्हतं?"

डॉक्टर मात्र हसत होत्या. "ही ओळ बघा. सकाळी रक्ताचा दाटपणा एकोणपन्नास, आता चव्वेचाळीस. लघवी छान, नाडी भरलेली, कुठं रक्त नाही. पाझर थांबतोय. प्लेटलेट सगळ्यात उशिरा जाग्या होतात, पण होतात, आपल्या आपण."

आतून हरिताचा आवाज आला, चिरका पण पुरता वैतागलेला: "अप्पा, रडून झालं असेल तर रसमभात मिळेल-आ?"

मास्तरांनी डोळे पुसले आणि ॲम्ब्युलन्सवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. वरुणराव रात्री आठपर्यंत बसला. डॉक्टरांनी त्याला घरी पाठवताना बजावलं, "ॲस्पिरिन घेऊ नका, तुमच्या प्लेटलेट निकामी होतील. फोन उशाला ठेवा."

फोन वाजला तो तिसऱ्या दिवशी सकाळी, दुकानात. समोर गिऱ्हाईक ताराबाई, तिचा ग्राइंडर आणि तिची जीभ, तिन्ही चालू होते.

"एकतीस हजार!" मास्तर ओरडत होते. "कुणाचीच पिशवी न लावता! उद्या घरी सोडतात!"

"बेष, बेष!" वरुणराव म्हणाला. "माझ्या इडल्या फुकट गेल्या म्हणायच्या."

"बोलणं झालं असेल तर छिन्नी उचल," ताराबाई म्हणाली. "पीठ रवाळ येतंय. दगड झिजला."

वरुणरावानं तळवा ओला केला, दगडावर फिरवला, पुन्हा एकदा फिरवला.

"दगड बेष आहे, अक्का."

"मग पीठ?"

त्यानं ग्राइंडर आडवा केला, दगड पुरता फिरू न देणारा खालचा सैल पट्टा ओढून बसवला, बटण दाबलं आणि भिजलेल्या तांदळाची एक मूठ आत सोडली.