वालाचा चौकोन

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. माझी नणंद ठाण्याला मावशीकडे राहून कॉलेजात शिकत होती. आमच्या पनवेलच्या घरातली कुठलीच मुलगी तोवर तिथपर्यंत गेली नव्हती. सहामाहीला ती गणितात आपटली. सासऱ्यांनी आरडाओरडा केला नाही. "वार्षिकला पास झालीस तर शीक पुढे. नाहीतर गव्हाणचं स्थळ आहेच," एवढं म्हणून ते आंघोळीला गेले. स्थळ वाईट नव्हतं, मिठागरं होती त्यांची. पण तिला शिकायचं होतं.

परीक्षेआधी ती सुट्टीला घरी आली. मी चौथी शिकलेली. पण दुसऱ्या कुणाला मोठ्याने समजावून सांगितल्याशिवाय तिच्या डोक्यात काही बसायचं नाही, आणि वाल सोलायला बसलेली बाई मधेच उठून जात नाही. म्हणून मी.

मोड आलेले चार वाल तिने माझ्यापुढे टाकले. "वहिनी, हे चार कोपरे. कसेही ठेव."

मी ठेवले. तिने प्रत्येक बाजूच्या मध्यावर एकेक दाणा ठेवला. "आता हे मधले चार जोड. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि समांतर येतात की नाही बघ."

आल्या. मग मी मुद्दाम एक कोपरा पार चुलीकडे ढकलला, दुसरा आत ओढला. चौकोन मोडक्या छत्रीसारखा दिसायला लागला. मधल्यांचं तरी तेच.

"आणखी वाकडा करू?"

"कर की. तुझ्या स्वभावाएवढा कर."

"अन्नाशी खेळू नका गं," सासूबाई आतून ओरडल्या.

मी म्हटलं, "वन्सं, इतक्यांदा जमलं. पुढच्या वेळी नाही जमलं तर?"

"त्यालाच तर सरांनी शून्य दिलं. मी आकडे घालून एकाच चौकोनाचं दाखवलं होतं. अक्षरं घालायला हवी होती."

तिने कोळसा घेतला. फरशीचे आडवे-उभे सांधे मिळतात तिथे शून्य मांडलं आणि एक कोपरा तिथेच ठेवला. दुसरा आडव्या सांध्यावर, 'दोन अ' लांब. दोन अ म्हणजे कितीही, फक्त अर्धं करायला सोपं. तिसरा 'दोन ब' उजवीकडे आणि 'दोन क' वर. चौथ्यालाही तशीच अक्षरं. मग मध्य काढले आणि ते जोडणाऱ्या समोरासमोरच्या दोन बाजू किती उजवीकडे जातात, किती वर जातात, ते वजाबाकीने काढलं. दोन्हींचं उत्तर एकच आलं: ब उजवीकडे, क वर. बाकीची अक्षरं उडाली. माझा सगळा वाकडेपणा त्यांच्यात होता.

मला सगळं कळलं असं नाही. वजाबाकी कळली.

ती पास झाली, काठावर. सासऱ्यांनी गव्हाणला नकार कळवला. ठाण्याच्या एसटीत बसताना तिने विचारलं, "करमेल का गं तुला?"

"न करमायला काय झालं? कामं पडलीत ढीगभर."

त्यानंतर त्या घरात मला कामं पुष्कळ जणांनी सांगितली. समोर बसून एखादी गोष्ट समजावून कोणी सांगितली नाही.