वरच्या मजल्यावरच्या सहा चकत्या

माझ्या भाचीचा, मनवाचा, एसएमएस आला तेव्हा मी सिंगापुरात तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, तिथल्या खाण्याच्या गाळ्यांवर, जेवत होतो. बाबा सकाळी गेले, हार्ट अटॅक. आई म्हणते, येऊ नका. एवढंच, तेही इंग्रजीत. मी ताटातलं जेवण संपवलं. घास घशात अडकला वगैरे लिहायला सोपं असतं, पण या लेखात खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. मी ऑफिसात परत गेलो, तीनची मीटिंग केली आणि संध्याकाळी घरी सांगितलं. बायको म्हणाली, तिकीट काढ. ताईने नको म्हटलंय, असं मी सांगितलं आणि तिकीट काढलं नाही. त्याला आता सहा आठवडे झाले.

गेले ते दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे सांगलीचे, पण उमेदीची बारा वर्षं पाचगणीच्या एका जुन्या बोर्डिंग शाळेत देखभालीचं काम करण्यात गेली. त्यांना सिंगापूरला मीच आणलं. मी आमच्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होतो, साइटवर अनुभवी सुपरवायझर हवा होता, आणि चार पैसे मिळतील, मनवाला चांगली शाळा मिळेल, असं ताईला मीच पटवलं होतं. पासिर रिसला त्यांनी भाड्याने फ्लॅट घेतला. दर शनिवारी मी तिकडे जेवायला. मनवा वर्षभरात इथल्या पोरांसारखी बोलायला लागली, तेव्हा दाजी हसून म्हणायचे, हिला आता सांगलीत दुभाष्या लागेल.

सार्सची साथ येऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षी आम्हाला क्वीन्सटाउनजवळच्या एका वृद्धाश्रमाचं काम मिळालं. चार मजली, साहेबाच्या काळातली इमारत. तिथलं गरम पाणी पंपाशिवाय फिरायचं. तळाला बॉयलर आणि मांडीएवढे जाड पाइप. तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वर चढायचं, गार झालं की जड होऊन दुसऱ्या पाइपने खाली यायचं. बॉयलर बदलायचा आणि पाणी पंपाने फिरवायचं, असं आमचं काम होतं. दाजी पहिल्या दिवशी तास दोन तास नुसते पाइपांवर तळहात ठेवत चारही मजले फिरले. मला ते बघून लाज वाटली. माझ्याकडे लेझर थर्मामीटर होता.

त्या शनिवारी जेवताना त्यांनी विषय काढला. असल्या पद्धतीत सगळं गरम पाणी वरच्या मजल्याकडे धावतं आणि खालचे मजले उपाशी राहतात, म्हणून जुने फिटर वरच्या मजल्याच्या जोडांमध्ये बारीक भोकाची पितळी चकती घालून ठेवायचे. पाचगणीला त्यांनी त्या हाताने काढल्या होत्या. पंप बसवला की पाणी सोप्या वाटेने खालच्या मजल्यांतूनच फिरून येणार, आणि चकत्या तशाच राहिल्या तर वरचा मजला गार पडणार. "आधी वरचे जोड उघडून बघू," ते म्हणाले. त्यासाठी दोन दिवस पाणी बंद ठेवावं लागलं असतं आणि आमचं वेळापत्रक आधीच मागे पडलं होतं. मी म्हणालो, "दाजी, नकाशात चकत्या नाहीत. ही पाचगणी नाही." ताई आमटी वाढत होती. तिचा हात क्षणभर थांबला, ते मला आजही दिसतं.

पंप सुरू झाला आणि चौथा मजला गार पडला. तिथे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या होत्या. आम्ही मोठा पंप लावला, तर पाइप गुणगुणायला लागले, पण वरचं पाणी कोमटच्या पुढे जाईना. आश्रमाने तक्रार केली. आमच्या डायरेक्टरने मीटिंगमध्ये विचारलं, ही शक्यता आधी कोणी सांगितली नव्हती का? दाजी माझ्या शेजारीच बसले होते. माझा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज तेव्हा विचाराधीन होता, पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतो? मी म्हणालो, नाही, कोणी नाही. जुन्या पाइपांची पाहणी साइट सुपरवायझरकडे होती. दाजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मग टेबलाकडे बघत राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि ती मी दिली. महिनाअखेर त्यांचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, रद्द झाला.

जायच्या आधीच्या रविवारी ते एकटेच आश्रमात गेले आणि चौथ्या मजल्यावरच्या एका न्हाणीघराचा जोड त्यांनी उघडला. दुपारी माझ्या दारात उभे, शर्टावर गंजाचे डाग. त्यांनी खिशातून रुपयाएवढी पितळी चकती काढून माझ्या टेबलावर ठेवली. मध्ये हरभऱ्याएवढं भोक.

"अजून पाच आहेत. तेवढ्या काढ. म्हाताऱ्यांचे हाल होतायत."

स्वतःबद्दल अवाक्षर नाही. पाणीसुद्धा न घेता गेले. ती चकती मी सोमवारी डायरेक्टरपुढे ठेवू शकलो असतो. दाजींचं विमान मंगळवारी होतं. मी बुधवारी जोड उघडायला माणसं पाठवली.

सगळ्या चकत्या निघाल्या. संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्यावर कढत पाणी आलं. आश्रमाने कंपनीला आभाराचं पत्र पाठवलं, त्यात दोष शोधून काढल्याबद्दल माझं नाव होतं. पुढे मला पीआरही मिळाला.

दाजींनी सांगलीत सोलर हीटर बसवायचा धंदा काढला. गच्चीवरच्या टाक्या, त्यातही पाणी आपसूक फिरतं, पंप नाही. एकदाच गेलो होतो. सकाळी माझ्या अंघोळीआधी त्यांनी पाइपवर तळहात ठेवला, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "आलं. जा आता." त्यांनी मला शिव्या घालायला हव्या होत्या. त्यांच्या त्या चांगुलपणाचा मला रागच येत राहिला, अजूनही येतो. एकदा भांडले असते तर मी कबूल केलं असतं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलोय. कबूल केलं नसतं. मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात मी ताईला सगळं लिहिलं, सोमवार, मंगळवार, बुधवार सकट, आणि सोबत ती चकती कुरिअरने पाठवली. वाटलं, त्यांची वस्तू त्यांच्या घरी जावी. पाकीट परत आलं. चकतीभोवती वहीचा कागद गुंडाळलेला, ताईचं अक्षर.

"सुहास, तारखा मला तेव्हाच कळल्या होत्या. यांनाही. चकती त्यांनी तुला दिली होती, तुझ्याकडेच ठेव."

ती मी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली आहे. सकाळी गिझर लावला की माझा तळहात पाइपवर जातो. पाइप लगेच गरम होतो. मी हात तसाच ठेवून उभा राहतो.